मालमत्ता करआकारणी कार्यालयात अर्ज का अडतो? या चुका टाळा

"बिल जास्त आले आहे, ते कमी करून मिळावे," एवढ्याच मजकुराचा अर्ज महानगरपालिकेच्या करआकारणी विभागात दिला, तर त्यावर अधिकाऱ्याला फारसे काही करता येत नाही. बिलावरचा आकडा आकारणी नोंदवहीतील नाव, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचे वर्ष आणि दर अशा वेगवेगळ्या नोंदींवरून निघालेला असतो. यांपैकी कोणती नोंद चुकली आहे हे अर्जदाराने दाखवून दिले, तर ती तपासणे हे कार्यालयाचे कर्तव्य ठरते. ते दाखवले नाही, तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. महाराष्ट्रातील शहरांत अडणाऱ्या बहुतेक कामांचे मूळ मला येथेच दिसते.

उतारा न पाहता तक्रार करणे

बिलापेक्षा आकारणीचा उतारा अधिक महत्त्वाचा आहे, कारण कर कोणत्या नोंदींवरून बसवला ते त्यात दिसते. म्हणून मिळकत क्रमांक देऊन आधी उतारा घ्यावा आणि तो खरेदीखत, सूची क्रमांक दोन (दस्त नोंदणीचा सारांश देणारा उतारा, म्हणजे इंडेक्स टू), मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांच्याशी ओळीने ताडून पाहावा.

उतारा वाचताना करयोग्य मूल्य आणि कर या दोन गोष्टींत गल्लत होते. भाड्यावर आधारित पद्धतीत मिळकतीला वाजवीपणे मिळू शकेल असे वार्षिक भाडे धरून त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात. समजा, दरमहा 3,000 रुपये भाडे धरले, तर वर्षाचे 36,000 रुपये होतात आणि 3,600 रुपये वजा जाता 32,400 रुपये हे करयोग्य मूल्य ठरते. निरनिराळ्या करांचे टक्के या रकमेवर लागतात. मुंबईत मात्र 2010 पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी मिळकतीच्या बाजारमूल्यावर, आधारित आकारणी आहे, त्यामुळे इतर शहरांतील हिशेब तेथे लागू पडत नाही आणि तेथील हिशेब इतरत्र चालत नाही.

शेजारच्या इमारतीतील बिल पुरावा म्हणून जोडण्याची चूकही याच अज्ञानातून होते. दोन इमारतींच्या बांधकामाचे वर्ष किंवा आकारणीची तारीख वेगळी असेल, तर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या सदनिकांना वेगळा दर लागलेला असू शकतो. तुलना करायचीच असेल, तर आपल्याच इमारतीतील, त्याच काळात आकारणी झालेल्या आणि तशाच वापराच्या सदनिकेशी करावी. अशी तुलना अधिकाऱ्याला सहज बाजूला सारता येत नाही.

हरकतीची मुदत निसटू देणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. मिळकतीची पहिल्यांदा आकारणी होते किंवा तिचे मूल्य वाढवले जाते, तेव्हा करदात्याला विशेष लेखी नोटीस देण्याची तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील करविषयक नियमांत आहे. या नोटिशीत हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख दिलेली असते. अनेक जण तिला बिलाची पूर्वसूचना समजून कपाटात ठेवतात आणि बिल हाती आल्यावर कार्यालयात जातात. तोवर मुदत उलटून आकारणी कायम झालेली असते, आणि सुनावणीत सहज सुटला असता असा प्रश्न पुढे अपिलाच्या पायरीवर जाऊन बसतो. तेथेही पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की आयुक्तांकडे वेळेत तक्रार केली होती का. आधी तक्रार होऊन तिचा निकाल लागल्याखेरीज करयोग्य मूल्याविरुद्धचे अपील न्यायाधीशांसमोर दाखलच होऊ शकत नाही.

नगरपरिषदांच्या हद्दीत दर चार वर्षांनी होणारी चतुर्थ वार्षिक आकारणी हीदेखील अशीच संधी असते. त्या वेळी प्रसिद्ध होणारी यादी कार्यालयात जाऊन पाहावी, कारण जुनी चूक नव्या यादीत तशीच उतरली असेल, तर ती दाखवून देण्याची रीतसर वेळ तीच असते.

हरकतीचा अर्ज एका पानाचा असला तरी पुरतो. कोणती नोंद चुकली, ती काय असायला हवी आणि त्याला पुरावा कोणता, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. सुनावणीच्या तारखेला स्वतः हजर राहावे. जमत नसेल, तर अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी पाठवावा. हरकत नोंदवून सुनावणीला न जाणे म्हणजे निर्णय एकतर्फी होऊ देणे आहे.

नोंदणी झाली म्हणजे नाव लागले, असे मानणे

दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले, की करखात्यातील नाव आपोआप बदलेल, हा समज विक्रेता आणि खरेदीदार दोघांनाही अडचणीत आणतो. हस्तांतरणाची लेखी सूचना दस्त झाल्यापासून किंवा त्याची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत महानगरपालिकेला देणे बंधनकारक आहे. ही सूचना दिली जात नाही तोवर कराची जबाबदारी जुन्या मालकावरही राहते, ही गोष्ट विकणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. घर विकून दुसऱ्या गावी गेलेल्या माणसाच्या नावे काही वर्षांनी थकबाकीची नोटीस निघते ती यामुळेच. म्हणून विक्रेत्याने खरेदीदारावर विसंबून राहू नये, सूचना स्वतः द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी.

मूळ मालकाचे निधन झाले असेल, तर मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे आणि सहवारसांचे ना-हरकत पत्र लागते. वारसांत एकमत नसेल, तर करआकारणी कार्यालय तो वाद मिटवून देईल, अशी अपेक्षा धरू नये. त्याचा निर्णय दिवाणी न्यायालयात होतो. करखात्याला नाव असणे हा मालकी हक्काचा पुरावाही नव्हे. कर भरण्याची जबाबदारी कोणावर आहे, एवढेच त्या नोंदीने ठरते.

क्षेत्रफळ आणि वापर

करारनाम्यातील विक्रीयोग्य क्षेत्रफळ (सामाईक जागेचा वाटा धरून), नकाशातील बांधीव क्षेत्रफळ (भिंती धरून) आणि घरातील चटई क्षेत्रफळ (आतली वापराची जागा) हे तीन आकडे वेगळे असतात, आणि एकावरून दुसऱ्याला खोटे ठरवता येत नाही. कार्यालय कोणते क्षेत्रफळ धरते हे आधी विचारावे आणि तेच मोजून घ्यावे. उताऱ्यावर चौरस मीटर असतील, तर 1 चौरस मीटर म्हणजे सुमारे 10.76 चौरस फूट, हे लक्षात ठेवून हिशेब करावा. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे; ही मर्यादा चटई क्षेत्रफळाची असल्याने तेथे मोजमापातील फरक थेट खिशाला लागतो.

वापराची नोंदही आपोआप बदलत नाही. घराच्या एका खोलीत पूर्वी दुकान होते आणि ते बंद झाले, तरी उताऱ्यावर बिगरनिवासी वापर तसाच राहतो. तो बदलण्यासाठी लेखी अर्ज देऊन पाहणीची मागणी करावी लागते. घरमालक स्वतः राहत असल्याबद्दल पुण्यात मिळणारी 40 टक्के सवलतही विहित अर्ज आणि वास्तव्याचा पुरावा दिल्यावरच लागू होते. पाहणीला आलेल्या कर निरीक्षकाला आत येऊ न देणे ही मोठी चूक आहे, कारण मग बाहेरून दिसेल त्यावर किंवा जुन्या नोंदीवर आकारणी होते. त्याच्यासमोर मोजणी करून घ्यावी.

चुकीच्या दारात जाणे

ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही करआकारणीची नोंद असते, तर तलाठ्याकडचा आठ-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा असतो. नावे सारखी असल्याने घराच्या कराचे काम घेऊन तलाठ्याकडे जाऊ नये. गाव महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले असेल, तर महापालिकेच्या करआकारणी विभागात जाताना ग्रामपंचायतीच्या जुन्या पावत्या सोबत न्याव्यात.

तोंडी आश्वासनावर थांबणे

"पुढच्या बिलात होऊन जाईल," हे उत्तर कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये कर उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला आणि हस्तांतरणाची नोंद या अधिसूचित सेवा आहेत. त्यांना ठरलेली कालमर्यादा असते, आणि अर्ज नाकारल्यास लेखी कारण द्यावे लागते. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. पण मुदत कधी सुरू झाली हे सिद्ध करायला ती शिक्क्याची प्रत लागतेच. आकारणी कशावरून केली हे कळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात पाहणी अहवालाची आणि मोजमापाच्या तक्त्याची प्रत मागावी. "कर का वाढला?" असा प्रश्न त्या अर्जात विचारू नये, विशिष्ट कागद मागितला, की तो नाकारणे कठीण जाते.

वाद आहे म्हणून भरणा थांबवणे

महानगरपालिकेच्या हद्दीत मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. म्हणजे वर्षभर अडून बसल्यास थकीत रकमेवर जवळपास एक चतुर्थांश बोजा चढतो, आणि पुढे आकारणी थोडी कमी झाली तरी तो फायदा शास्तीतच विरून जातो. पुढे अपिलात जायचे असेल, तर मागणीची रक्कम जमा केलेली असणे हीच त्याची एक अट आहे. म्हणून हरकतीचा आवक क्रमांक नमूद करून, हक्क अबाधित ठेवून रक्कम भरत असल्याचे पत्र द्यावे आणि त्या पत्राचीही पोच घ्यावी. निर्णय आपल्या बाजूने लागल्यावर जादा भरलेली रक्कम पुढील बिलात वळती करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा, आणि नवे बिल आल्यावर ती वजा झाली आहे की नाही, हे भरणा करण्यापूर्वी तपासावे.