जुन्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) मिलिंग मशीनला नवा कंट्रोल बसवण्यापूर्वी

जुने पॅनेल उघडताच वायरी कापायला घेण्याचा मोह आवरावा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावावेत, फोटो काढून ठेवावेत आणि मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हमधील (मोटरींना वीज पुरवून चालवणाऱ्या युनिटमधील) कपॅसिटरमध्ये काही मिनिटे जीवघेणे व्होल्टेज टिकून राहू शकते, म्हणून मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये.

जुना कंट्रोल चालत असेल, तर काढण्यापूर्वी त्यावरच बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी ढिली हालचाल, मोजून घ्यावा. टेबलाला डायल गेज टेकवून अक्ष एका दिशेने सरकवावा, डायल शून्यावर आणावा आणि मग उलट दिशेने ०.०१ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी सरकवत, काटा हलेपर्यंत किती पायऱ्या वाया जातात ते लिहून ठेवावे. नवा कंट्रोल ही तफावत आकड्यांत भरून काढतो खरा. परंतु बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) झिजलेला असेल, तर क्लाइम्ब मिलिंग करताना, म्हणजे कटर फिरतो त्याच दिशेने काम सरकवताना, कटर टेबलाला त्या मोकळ्या जागेत ओढतोच. माझ्या मते आधी स्क्रूवर खर्च करावा, नंतर इलेक्ट्रॉनिक्सवर.

सर्व्हो मोटरी सुस्थितीत असल्यास आणि ड्राइव्ह ±१० व्होल्टच्या ॲनालॉग संकेतावर चालणारे असल्यास ते ठेवता येतात. योग्य इंटरफेस कार्डासह लिनक्ससीएनसी हे संगणकावर चालणारे कंट्रोल सॉफ्टवेअर ते चालवू शकते.

लिमिट स्विच (अक्ष हद्दीच्या टोकाला पोहोचल्यावर मशीन थांबवणारे) नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने, म्हणजे एरवी सर्किट जोडलेले राहील असे, जोडावेत, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते. इमर्जन्सी स्टॉप मात्र केवळ सॉफ्टवेअरच्या भरवशावर कदापि ठेवू नये. संगणक पूर्ण गोठलेला असतानाही त्या बटणाने काँटॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटून ड्राइव्हचा वीजपुरवठा तुटला पाहिजे.