जुन्या गाडीत आयसोफिक्स नाही? बाळाची कार सीट बेल्टवर घट्ट कशी बसवायची

आमची गाडी २००९ ची हॅचबॅक आहे, आयसोफिक्स (म्हणजे कार सीट थेट अडकवायच्या गाडीतल्या लोखंडी कड्या) वगैरे काही नाही, आणि लेक झाली तेव्हा जो तो हेच सांगत होता की जुन्या गाडीत कार सीट बसत नाही, आजीच्या मांडीवर घ्या सरळ. तर पहिलं हे सांगते की बसते, साध्या सीट बेल्टवर नीट बसते, फक्त एक दुपार खटपट करावी लागते. आणि मांडीचं म्हणाल तर हिशोब करून बघा, ताशी ५० च्या स्पीडने जाणारी गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर १० किलोचं बाळ त्या क्षणी साधारण २०० किलोच्या जोराने पुढे जातं, एवढं धरून ठेवणारे हात कुणाचेच नसतात, आजीचं कितीही प्रेम असलं तरी.

सीट विकत घ्यायच्या आधी गाडी तपासा. मागच्या सीटच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत बोटं घालून चाचपडा, २८ सेंटीमीटर अंतरावर दोन लोखंडी कड्या लागल्या तर आयसोफिक्स आहे, नाही लागल्या तर बेल्टवाली सीट बघायची. मग मागचे बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. जुन्या गाडीत मागचा बेल्ट वर्षानुवर्षं कुणी लावलेलाच नसतो, आमच्या एका बेल्टची कड उंदराने कुरतडलेली निघाली, गुंडाळलेल्या भागात होती म्हणून कधी दिसलीच नव्हती. कड विरलेली असेल, झटका दिल्यावर बेल्ट अडकत नसेल, किंवा गाडीचा मोठा ॲक्सिडेंट झालेला असेल तर तो पूर्ण सेट बदलून घ्या, शिवून घेऊ नका. नुसता मळलेला असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, तेल अजिबात नको.

मधली जागा सगळ्यात सेफ असं वाचलं असेल, पण जुन्या हॅचबॅकमध्ये मध्ये बऱ्याचदा फक्त कमरेचा पट्टा असतो. बहुतेक सीटना खांद्यावरून येणारा तीन टोकांचा बेल्ट लागतो, त्यामुळे कडेची जागा धरा, शक्यतो ड्रायव्हरच्या मागची नको, डावीकडची, म्हणजे बाळाला फुटपाथच्या बाजूने उतरवता येतं.

आता खरा प्रॉब्लेम, ज्याने आम्हाला रडवलं. सीट ननंदेने अमेरिकेहून आणलेली, चांगली जड, घरी बसवली तेव्हा एकदम घट्ट वाटली आणि साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात दुसऱ्याच वळणाला लेकीसकट एका बाजूला कलली. मी मागेच बसले होते म्हणून हाताने धरून ठेवली, घाट संपेपर्यंत हात सोडला नाही. कारण नंतर कळलं. तिकडच्या गाड्यांमध्ये साधारणपणे बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तो लॉक होतो, मग फक्त आत जातो, बाहेर येत नाही, आणि त्या भरवशावरच त्या सीटचं डिझाइन असतं. आपल्याकडच्या जुन्या गाडीतला बेल्ट झटका बसला तरच अडकतो, एरवी मोकळाच, म्हणून वळणावर हळूहळू सैल होत जातो. तुमचा कुठला आहे ते बघायला बेल्ट शेवटपर्यंत ओढा, थोडा आत जाऊ द्या आणि परत ओढा, आला बाहेर तर आमच्यासारखाच.

यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे ज्या सीटमध्येच बेल्ट पकडणारा चिमटा असतो अशी सीट घ्या, आर४४ किंवा आर१२९ (कार सीटची युरोपातली सेफ्टी मानकं) लेबलवाल्या बऱ्याच सीटमध्ये तो असतो. दुसरा म्हणजे एच आकाराची लोखंडी लॉकिंग क्लिप, काही अमेरिकन सीटच्या मागच्या बाजूला ती अडकवलेलीच असते आणि कुणाचं लक्ष जात नाही, आमचंही गेलं नव्हतं, सहा महिने तिथेच होती. सीटच्या मॅन्युअलमध्ये तिचं चित्र असेल तर वापरायची अशी: आधी बेल्ट लावून घट्ट ओढा, बकलमध्ये जाणाऱ्या जिभेजवळ कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पदर चिमटीत गच्च धरा, न सोडता बकल उघडा, जिभेपासून दोन-अडीच सेंटीमीटरवर दोन्ही पदरांवर क्लिप चढवा, आणि परत बकल लावा. लावताना जोर लागला पाहिजे, सहज लागलं तर सैल आहे.

घट्ट ओढायची पण पद्धत आहे. सीट रिकामी असताना बैठकीवर तळहात किंवा गुडघा ठेवून अंगाचा भार द्या, आधी कमरेचा भाग ओढा, मग खांद्याचा, दुसऱ्या माणसाने बेल्ट धरला तर सोपं जातं. मग बेल्ट जिथून जातो बरोबर तिथे सीट धरून हलवा, २.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. वरचा शेंडा धरून हलवू नका, तो हलणारच. बेल्टच्या वाटेला बाजूने रंग असतात, निळा म्हणजे बाळाचं तोंड मागे, लाल म्हणजे पुढे, आणि घाईत निळ्याऐवजी लाल वाटेने बेल्ट घालणारे खूप आहेत.

तरी हलतेय तर सीट कव्हर काढा. हे जाड फोमचं रेक्झिनचं कव्हर आपल्याकडे गाडी घेतल्या घेतल्या चढवतात, त्यावर सीट घसरते, फोम दबला की बेल्ट सैल, आणि बकल तर खाली गाडलेलंच असतं. मी त्या बाजूचं कव्हर ब्लेडने काढलं, नवऱ्याला दोन दिवस वाईट वाटलं. मागचा हेडरेस्ट कार सीटला पुढे ढकलत असेल तर तोही काढा, पण डिकीत मोकळा टाकू नका.

बकल जर कार सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर टेकून वाकत असेल तर जागा बदलून बघा, कारण तसं बकल अपघातात उघडू शकतं. बेल्ट तोकडा पडणं हा तोंड मागे असलेल्या सीटचा हमखास त्रास, कारण त्यात बऱ्याचदा खांद्याचा बेल्ट पूर्ण पाठीमागून फिरून येतो. दुसरी बाजू बघा, नाही पुरला तर ती सीट तुमच्या गाडीची नाही, दुसरी घ्या, म्हणूनच दुकानदाराला गाडीपाशी आणून बसवून दाखवायला लावा. एक्स्टेंडर, म्हणजे बेल्ट लांब करायचा जोड, लावू नका. बैठक खचून मागे-पुढे उतार झाला असेल आणि बाळाची मान पुढे पडत असेल तर मॅन्युअल परवानगी देत असेल तिथेच घट्ट गुंडाळलेला टॉवेल खाली द्या, सीटवरची लेव्हलची खूण जुळेपर्यंत.

गॅरेजवाला म्हणेल, ताई, पाचशे रुपयात कड्या वेल्ड करून देतो. कृपा करून नको. कंपनीतून आलेल्या कड्या गाडीच्या बॉडीत किती ताण घेतील याची टेस्ट झालेली असते, वेल्डिंगची नाही. तसंच टेदर, म्हणजे कार सीटच्या वरच्या भागातून मागे गाडीला अडकवायचा पट्टा, डिकीतल्या सामानाच्या हुकला किंवा सीएनजी टाकीच्या फ्रेमला बांधू नका, ज्या सीटला टेदर लागतोच ती जुन्या गाडीसाठी घेऊच नका.

पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर तोंड मागे केलेली सीट तिथे कधीच नको, एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते. आणि कायद्याचं विचाराल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर १००० रुपये दंड आहे.

क्लिप वापरली असेल तर एक लक्षात ठेवा, कार सीट काढून तिथे मोठं माणूस बसणार असेल तेव्हा ती क्लिप आठवणीने काढायची, तशीच राहिली तर बेल्ट त्या माणसाला नीट धरणार नाही. आम्ही ती ग्लोव्ह बॉक्समध्ये लाल धाग्याने बांधून ठेवतो.