कॅप फुल व्हायची वाट बघू नका (ईव्ह ऑनलाइन हा अंतराळजहाजांचा गेम खेळणाऱ्या नवीन पोरांसाठी)

आमच्या गुहागरात आगरातली विहीर काठोकाठ भरली की झरे गप्प बसतात, पंप लावून उपसा केला की मग पाणी धावत येतं. ईव्हमधल्या जहाजाचा कॅपॅसिटर (ऊर्जेची टाकी, थोडक्यात कॅप) अगदी तसाच, फक्त फरक एवढाच की इथे पार तळ गाठला तर झरेही आटतात, आणि तिथेच सगळे मरतात.

फिटिंग विंडोत (जहाजावर यंत्रं बसवायची खिडकी) कॅपॅसिटी आणि रिचार्ज टाइम असे दोन आकडे दिसतील. समजा १००० गिगाज्यूल आणि २५० सेकंद. भागाकार केला तर सेकंदाला ४, पण ती नुसती सरासरी हं. कॅप ९०% असेल तर २ सुद्धा मिळत नाहीत, ७५ वर साडेचारच्या आसपास, ५० वर सव्वाआठ, आणि २५% वर बरोबर १०, म्हणजे सरासरीच्या अडीचपट, हा पीक, म्हणजे भरण्याचा सगळ्यात जास्त वेग. त्याच्याखाली गेलात की परत उतरण, ५% वर ७ पण नाही.

म्हणजे तुमची मॉड्यूल्स (जहाजावर बसवलेली यंत्रं) मिळून सेकंदाला १० च्या आत खात असतील तर कॅप कुठेतरी २५ च्या वर जाऊन थांबतो, त्यालाच स्टेबल म्हणतात. १० च्या वर खाल्लं की २५ खाली घसरतो आणि मग आवक कमी खर्च तेवढाच, काही सेकंदांत खडखडाट. मी एकदा आर्मर रिपेअरर (चिलखत दुरुस्त करणारं, कॅप खाणारं मॉड्यूल) चालू ठेवून दारावर आलेले बांगडे घ्यायला उठलो, परत येऊन बघतो तर जहाजाचा सांगाडा.

कॅप रिचार्जर टाइम कमी करतो, बॅटरी कॅपॅसिटी वाढवते, पीक दोन्हीने वाढतो. पण आधी स्किल घ्या बाबांनो, कॅपॅसिटर मॅनेजमेंट आणि कॅपॅसिटर सिस्टम्स ऑपरेशन, दोन्ही लेव्हल ५ केली की कॅपॅसिटी २५% जास्त, टाइम २५% कमी, आणि वरचा १० चा पीक थेट १६.७ वर जातो, मॉड्यूल बसवायचा एक पण स्लॉट न घालवता.

शील्डचं (जहाजाभोवतीचं कवच) गणितही हेच. आर्मर (चिलखत) आणि हल (जहाजाचा सांगाडा) मात्र आपोआप भरत नाहीत.

एक सांगायचं राहिलं, ३०% वर बसणं एनपीसी (कॉम्प्युटर चालवतो ते शत्रू) मारताना ठीक, समोर खरा माणूस असेल आणि त्याच्याकडे न्यूट (समोरच्याचा कॅप रिकामा करणारं मॉड्यूल) असेल तर एका दणक्यात तळाला जाल, तिथे कॅप बूस्टर (कॅप झटक्यात भरणारं मॉड्यूल) हवाच.

साडेचार वाजले, सर्व्हर रोजच्या डाउनटाइमला (देखभालीसाठी बंद) गेला, तोवर आगराला पाणी सोडून येतो.