घरातलं कुणी बेटिंगमध्ये अडकलं असेल तर आधी काय करायचं

माझा मावसभाऊ नाशिकला अंबड एमआयडीसीत कामाला आहे, पगार बरा. एका रविवारी आम्ही सगळे मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलो तर याची प्लेट तशीच, पापड मऊ पडलेला, तर्री गार झालेली आणि हा टेबलाखाली फोन धरून बसलेला. आम्हाला वाटलं पोरीचं काहीतरी असेल. तीन महिन्यांनी कळलं, आधी रमी होती, मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, मोठी रमी अ‍ॅप थंडावली, तर हा टेलिग्रामवरच्या लिंकवरून क्रिकेटच्या सट्ट्यावर गेला. कायदा झाला म्हणून घरातलं सुटलं असं धरू नका. हां, त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, नुसतं खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने गप्प बसायचं काही कारण नाही.

आमची मोठी चूक झाली ती इथे. काकांनी एफडी मोडून सगळं कर्ज एका दमात फेडलं, पठ्ठ्याने दीड महिन्यात परत सुरू केलं. आधी वही घ्या आणि त्याच्याच हाताने लिहून घ्या, कुणाचे किती, व्याज काय, तारीख कुठली, लोन अ‍ॅप, मित्र, कंपनीतली भिशी, आईच्या बांगड्या गहाण टाकल्या असतील तर त्या पण. पहिल्या दिवशी खरा आकडा येतच नाही. आमच्याकडे एक लाख ऐंशी हजार सांगितले होते, तिसऱ्या रात्री चार लाख वीस हजारावर गेलं. तेव्हा तोंड आवरा, ओरडलात की उरलेलं पोटात ठेवतो. मग हप्ते त्याच्याच पगारातून ठरवा, पैसे थेट देणेकऱ्याला जाऊ द्या, त्याच्या हातात रोख नको.

तो एक वाक्य शंभरदा म्हणेल, "फक्त गेलेले काढतो आणि बंद करतो." आजार तिथेच आहे. दहा वेळा हरून एकदा मिळतं, कधी मिळेल ते माहीत नसतं, आणि थोडक्यात हुकलं की डोक्याला वाटतं आता पुढची आपलीच. डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन दारू आणि ड्रग्जच्याच गटात आहे, त्यामुळे "अक्कल नाही का तुला" म्हणून काही होत नाही, आमच्या मावशीने महिनाभर म्हणून बघितलं.

आता फोन. काढून घेतला तर दुसरा येतो, पैशाची वाट बंद करा. त्याच्या खात्याचं यूपीआय बंद करून आमच्याकडे यूपीआय सर्कल लावलं, म्हणजे खातं काकांचं आणि खर्च तो करतो. यात दोन प्रकार आहेत, एकात प्रत्येक पेमेंटला तुमची मंजुरी लागते, दुसऱ्यात तुम्ही मर्यादा ठरवून देता, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००. आम्ही पहिला घेतला, काका वैतागले, चहाच्या दहा रुपयाला पण फोन वाजायचा, पण सहा महिने काढले. क्रेडिट कार्ड बंद. आणि हे सगळं त्याच्या समोर, त्याच्या होकाराने, चोरून केलं की घरात दुसरीच लपाछपी चालू होते.

वसुलीवाले फोन करतील. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, लोन अ‍ॅपने कॉन्टॅक्ट लिस्टलाही हात लावायचा नाही. फोटो एडिट करून नातेवाइकांना पाठवायची धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांकडे जा, पैसे फसवून गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

एक गोष्ट विचारायला जीभ अडखळते पण विचाराच, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट मोकळा होतो. आमचा म्हणाला, गंगापूर धरणावर जाऊन दोनदा बसून आलो. त्या दिवसापासून त्याला एकटं सोडलं नाही. असं काही निघालं तर वही, हिशेब, यूपीआय सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर, जीवाला धोका वाटला तर सरळ ११२ लावा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरचे पण लावू शकतात, पेशंटच पाहिजे असं नाही. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर असतात, केसपेपर काढायचा आणि बसायचं. झोप, दारू, उदासी हे पण सांगा, खूपदा जोडीला असतं आणि त्याचं औषध वेगळं असतं. बाबा-बुवाकडे नेऊन आणायचं असेल तर आणा, पण डॉक्टरची तारीख चुकवू नका.

आयपीएलचे दोन महिने अवघड जातात. आमच्याकडे मॅच टीव्हीवर सगळे मिळून बघतो, फोन सगळ्यांचेच फ्रिजवर ठेवलेले असतात, माझा पण. गेल्या वेळी एकदा घसरला, सहाशे रुपये, दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन वहीत लिहिलं.