कोळंबीचं दाट सूप: चव सालांतून कशी काढायची

या सूपसाठी सोललेली कोळंबी घेऊ नका. कोळंबीची खरी चव डोक्यात आणि सालांत असते, आणि सोलून विकताना नेमकं तेच फेकून दिलेलं असतं. फ्रेंच स्वयंपाकात अशा सूपला बिस्क म्हणतात. त्यात क्रीम, ब्रँडी वगैरे सगळं येतं, पण ते नंतरचं. सालं नीट भाजली नाहीत, तर पुढे कितीही क्रीम ओतलं तरी सूप पांचटच लागतं.

चार जणांसाठी डोक्यासकट ८०० ग्रॅम मध्यम कोळंबी घ्या. घेताना वास बघा. समुद्राचा हलका वास चालेल, पण अमोनियासारखा नाकात झोंबणारा वास आला तर ती घेऊच नका, उकळून तो जात नाही. डोकी काळी पडून लोंबायला लागली असतील तर कोळंबी शिळी आहे. बाकी साहित्य: १ मध्यम कांदा, १ गाजर, सेलरीची १ काडी (हे सगळं बारीक चिरून), लसणाच्या ४ पाकळ्या, २ मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, १ तमालपत्र, ८-१० मिरी, ३ मोठे चमचे तांदूळ, ३० ग्रॅम लोणी, २ चमचे तेल, १०० मिली क्रीम आणि अर्ध्या लिंबाचा रस. ब्रँडी किंवा व्हाईट वाइन घालणार असाल तर ६० मिली पुरे. नाही घातली तरी सूप बिघडत नाही.

कोळंबी सोला, पाठीतला काळा दोरा काढा आणि मांस झाकून फ्रीजमध्ये ठेवा. त्याची गरज थेट शेवटी. मोठ्या कोळंबीच्या डोक्यात डोळ्यांमागे वाळूची बारीक पिशवी असते, म्हणून डोळ्यांकडचा टोकदार भाग कात्रीने कापून टाका. सालं आणि डोकी एकदाच भरभर धुऊन निथळत ठेवा आणि कापडाने टिपून कोरडी करा. ओली सालं कढईत भाजत नाहीत, वाफेवर शिजतात, आणि सूप फिकं होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

भांडं रुंद आणि जाड बुडाचं घ्या. तेल चांगलं तापलं की मोठ्या आचेवर सालं ८ ते १० मिनिटं परता. दोन-तीन मिनिटांत ती लाल होतात, पण तिथे थांबू नका. लाल होणं म्हणजे फक्त उष्णतेने प्रथिनांच्या पकडीतून रंगद्रव्य सुटलं, भाजणं अजून व्हायचंय. कडा खरपूस व्हायला हव्यात आणि बुडाशी तपकिरी थर धरायला हवा. आता लाकडी कालथ्याने एकेक डोकं दाबा. आतून नारिंगी रस निघून तेलात मिसळतो. सूपची बरीचशी चव त्या रसात असते, त्यामुळे एकही डोकं सोडू नका. थर काळा पडताना दिसला तर लगेच आच कमी करा, कारण करपलेला कडवटपणा पुढे झाकता येत नाही.

मग लोणी, कांदा, गाजर, सेलरी आणि लसूण घालून मध्यम आचेवर ५ मिनिटं परता. तो लाल रंग तेला-लोण्यातच उतरतो, पाण्यात नाही. म्हणून लोणी पाण्याआधी. टोमॅटो पेस्ट घालून ती विटकरी दिसेपर्यंत, साधारण २ मिनिटं परता, म्हणजे तिचा कच्चा आंबटपणा जातो. ब्रँडी घालायची असेल तर भांडं गॅसवरून बाजूला घेऊन ओता, नाहीतर भडका उडतो. पुन्हा आचेवर ठेवून ती जवळजवळ आटू द्या आणि बुडाचा थर खरवडून घ्या.

सव्वा लिटर थंड पाणी, तमालपत्र आणि मिरी घाला. उकळी यायला लागली की आच मंद करा आणि वर येणारा राखाडी फेस काढत राहा. लाल तेलाचा तवंग मात्र काढू नका. ३० मिनिटं पुरतात. तासभर उकळलं की चव वाढत नाही, उलट सालांचा खडूसारखा कडवटपणा उतरतो. बारीक गाळणीतून गाळा आणि चोथा कालथ्याने दाबून शेवटचा थेंब काढा. तळाशी बारीक कण दिसले तर मलमलच्या कापडातून पुन्हा गाळा.

गाळलेल्या रसात तांदूळ घालून २० मिनिटं पार मऊ शिजवा आणि मिक्सरमध्ये वाटा. गरम रस अर्ध्याच भांड्यापर्यंत भरा आणि झाकण कापडाने दाबून धरा, वाफेने ते उडतं. मैद्यानेही दाटपणा येतो, पण तांदळाचा पोत जास्त मुलायम, आणि गुठळ्यांची भीती नाही. वाटलेलं पुन्हा एकदा गाळा. इथवरची तयारी आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवली तर उत्तम.

वाढायच्या दहा मिनिटं आधी सूप मंद गरम करा. क्रीम फ्रीजमधून काढून थेट ओतू नका. वाटीत घेऊन त्यात दोन पळ्या गरम सूप मिसळा आणि मग ते मिश्रण भांड्यात घाला. यानंतर उकळी येऊ देऊ नका. टोमॅटोचा आंबटपणा आणि जास्त उष्णता एकत्र आली की क्रीम फाटतं, आणि कमी स्निग्धांशाचं क्रीम सगळ्यात आधी फाटतं. ३० टक्क्यांच्या वरचं घ्या.

मीठ आत्ता, चाखून घाला. रस आटत आलेला असतो आणि कोळंबीलाही अंगचं मीठ असतं. आधी घातलं तर हमखास खारट होतं.

कोळंबीचे दोन-दोन तुकडे करून गरम सूपमध्ये सोडा. मांसाची पारदर्शक झाक जाऊन ते पांढरं-गुलाबी झालं की झालं, साधारण २ मिनिटांत. तुकडे घट्ट वेटोळे झाले तर समजा रबर झाले. गॅस बंद करा, मगच लिंबाचा रस पिळा.

शिंपल्या घालायच्या असतील तर वेगळ्या भांड्यात पाव वाटी पाण्यात झाकून ४-५ मिनिटं वाफवा. न उघडलेल्या टाकून द्या आणि त्यांचं पाणी वाळू खाली बसू देऊन, गाळूनच सूपमध्ये घाला. ते बरंच खारट असतं, मीठ त्यानंतर बघा.

पाहुण्यांपैकी कुणाला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधीच विचारून घ्या. तुकडे बाजूला काढून उपयोग नाही, सगळा रसच सालांचा आहे.