शिंकताना लघवी सुटते? व्यायाम करताना या चुका टाळा

फोंड्यात बायकांच्या फिजिओथेरपीचं काम करते. ‘केगल करून बघितले, काही उपयोग झाला नाही’ हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. केगल म्हणजे लघवी आवरणारे खालचे स्नायू आवळायचा आणि सोडायचा व्यायाम. खोदून विचारलं की कळतं, कुणी व्हिडिओ बघून आठ दिवस केले, कुणाला जावेने फोनवर सांगितलं. नेमका कुठला स्नायू आवळला जातोय, हे मात्र एकीचंही कुणी तपासलेलं नसतं.

शिंक, खोकला, हसू, भरलेली कळशी उचलणं, या सगळ्यात पोटातला दाब एकदम वाढतो. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू खालून आधार देतात. बाळंतपणाने, वयाने, वाढलेल्या वजनाने ती झोळी सैल पडली की थेंब जातात. व्यायाम आहे तो ही झोळी घट्ट करायचा.

वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. काही वर्षांपूर्वी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दोन महिने आधी पन्नाशीच्या एक काकी आल्या. तीन बाळंतपणं झालेली. वाड्यावर फुगडीला सगळ्यात पुढे असणाऱ्या. पण दोन वर्षं नुसत्या कडेला बसून टाळ्या वाजवत होत्या, कारण बसफुगडीत उडी मारली की कपडे ओले. ‘डॉक्टर, चार महिने झाले, दिवसाला दोनशे करते. कमी कसलं, वाढलंच.’

तपासायला घेतलं. ‘आवळा’ म्हटल्याबरोबर गाल फुगले, श्वास अडकला, पोट वर आलं, आणि माझ्या बोटाला जाणवला तो खाली येणारा जोर. त्या चक्क कुंथत होत्या. दिवसाला दोनशे वेळा, चार महिने, आधीच सैल असलेल्या झोळीवर वरून दाब.

पर्समधून त्यांनी घडी पडलेला कागद काढला. एका दवाखान्यात मिळालेला. एक चित्र आणि खाली ‘रोज शंभर वेळा आवळा’. माझ्या पहिल्या नोकरीत असलेच कागद मीही वाटले आहेत, कुणालाही न तपासता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो, ते अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल. त्यांनी 1948 मध्ये याविषयी लिहिलं, तेव्हा स्नायू आवळला की दाब आकड्यात दाखवणारं यंत्रही सोबत दिलं होतं. बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं, की आपण बरोबर करतोय. आपण नाव आणि आकडे तेवढे उचलले, तपासणं सोडून दिलं. 1991 च्या एका अभ्यासात नुसतं तोंडी सांगितल्यावर जेमतेम निम्म्या बायकांना ते नीट जमलं, आणि चौघींत एक असं काही करत होती की त्याने त्रास वाढू शकला असता.

म्हणून मोजणी नंतर, आधी स्नायू सापडू द्या. गुडघे वाकवून उताणं झोपा. भरगच्च बसमध्ये गॅस आवरायचा आहे आणि लघवीही धरायची आहे, अशी कल्पना करून दोन्ही जागा आत आणि वर ओढा. मग सैल सोडा. सोडणंही पूर्ण झालं पाहिजे. हात पोटावर ठेवा, पोट फुगता कामा नये. मांड्या आणि ढुंगण ढिलं. हातआरसा धरून बघा: जागा आत गेली तर बरोबर, आरशाकडे फुगून आली तर तुम्ही ढकलताय. माझ्याकडे प्रत्येकीला मोठ्याने मोजायला लावते, कारण बोलताना श्वास धरून ठेवता येत नाही.

यानंतर सुरुवातीला आठ वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तितके सेकंद धरायचं, तेवढीच विश्रांती, हळूहळू आठ-दहा सेकंदांवर जायचं. शेवटी चार-पाच झटपट. दोनशेची गरज नाही. सकाळचा चहा, दुपारी आडवं होणं, संध्याकाळचा दिवा, अशा तीन वेळा मी बांधून देते. मोबाइलचा अलार्म चार दिवसांत बंद होतो, दिवा रोज लागतो.

तीन आठवड्यांत सोडून देणं

स्नायू आहे तो, गोळी नव्हे. निदान तीन महिने लागतात. त्या काकींनी त्या वर्षी चवथीला फुगडी घातली नाही. पहिले पंधरा दिवस तर कुंथायची सवय मोडण्यातच गेले. पुढच्या वर्षी घातली. ‘पंधरा दिवसांत हमखास’ म्हणणाऱ्या व्हिडिओंचा मला मनापासून राग येतो. त्यांच्यामुळे बायका स्वतःलाच दोष देऊन घरी बसतात.

व्यायाम पलंगावर, खोकला स्वयंपाकघरात

व्यायाम छान करतात आणि फोडणीचा ठसका लागला की सगळं विसरतात. शिंक येतेय असं वाटताक्षणी आधी आवळा, मग शिंका. खाली वाकून पिशवी उचलतानाही तसंच. मिशिगनमधल्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं, की एवढंच शिकलेल्या बायकांची गळती आठवड्याभरात बरीच कमी झाली. मी बायकांना उभं करून मुद्दाम खोकायला लावते, ‘आवळा, खोका, सोडा’, दहा वेळा.

बाकीच्या चुका

लघवी करताना मध्येच धार अडवून व्यायाम करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

पाणी तोडू नका. मे महिन्यातल्या उकाड्यात तर मुळीच नाही. दाट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं.

बद्धकोष्ठ आणि जुनाट खोकला अंगावर काढू नका, दोन्हींचा दाब रोज त्याच झोळीवर येतो.

कुलपात किल्ली घालेपर्यंत जोराची लागून सुटते, तो प्रकार वेगळा. त्याला या व्यायामाबरोबर मूत्राशयाला वेळेची सवय लावावी लागते.

लघवीत रक्त, जळजळ, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, यात आधी डॉक्टर, मग व्यायाम. मांड्यांमध्ये बधिरपणा असेल किंवा लघवी अचानक अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. तीन महिने नीट करूनही फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, पेसरी (आत बसवायची आधाराची रिंग) आणि शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. जाताना तीन दिवसांची वही भरून न्या: काय आणि किती प्यायलं, कितीदा गेलात, काय करताना किती सुटली. तपासणीच्या खोलीत लाजेने जे तोंडातून निघत नाही, ते या वहीत लिहिलेलं असतं.