किरकोळ धक्का लागला तरी विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा

सिग्नलला आपली गाडी स्कूटरला जरा घासते, समोरचा उठून कपडे झटकतो, 'काय नाय झालं' म्हणून निघून जातो, आणि चार महिन्यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस येते, पाय फ्रॅक्चर म्हणून. माझ्याबाबतीत झालंय हे.

तेव्हापासून मी काय करतो:

१. जागेवरच मोबाईलवर व्हिडिओ, दोन्ही नंबरप्लेट, घासलेला भाग आणि समोरचा उभा आहे की बसलाय ते. ओरिजिनल फाईल ठेवायची, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नाही, त्यातली तारीख-वेळ उडते. डॅशकॅम असेल तर क्लिप लगेच काढून घ्या, नाहीतर ओव्हरराइट होते.

२. त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल, फोन केला तरी ईमेल हवाच. क्लेम घ्यायचा नसला तरी.

३. 'चूक माझी' असं लिहून द्यायचं नाही आणि परस्पर पैसे देऊन मिटवायचं नाही, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय असं करू नका अशी पॉलिसीतच अट असते. नोटीस आली की लगेच कंपनीकडे.

फक्त खरंच लागलं असेल तर आधी दवाखाना, मग फोटो. आणि पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायचं, कायद्यातच आहे ते.